डिस्चार्ज बुकात राहून गेलेली पदकं नोंदीत कशी आणायची: इंदूर-महूच्या माजी सैनिकांसाठी

डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्तीच्या वेळी सैनिकाला मिळणाऱ्या सेवेच्या पुस्तिकेत, पदकांसाठी एक जागा राखलेली असते. पुष्कळांच्या बुकात तिथे दोन-तीन नावं टाइप केलेली असतात, खाली शिक्का असतो, आणि एक्काहत्तरची लढाई किंवा उंचावर काढलेले दोन हिवाळे यांचा मागमूसही नसतो. निवृत्तीला तीस-चाळीस वर्षं झाली असली तरी ही चूक दुरुस्त करता येते. मात्र अर्ज कोणाकडे आणि नेमका कशाचा करायचा हे आधी ठरलं पाहिजे. "माझी सर्व पदके मिळावीत" असा एका ओळीचा अर्ज केला की तितकंच मोघम उत्तर येतं आणि वर्ष वाया जातं.

पात्रता वेगळी, नोंद वेगळी, पदक वेगळं

पदकाच्या तीन पायऱ्या असतात. पहिली पात्रता. प्रत्येक पदकाचा सरकारी आदेश असतो आणि त्यात कोणत्या तारखांच्या दरम्यान, कोणत्या भागात, किती दिवस सेवा हवी ते दिलेलं असतं. त्या अटीत बसलात की पदकावर तुमचा हक्क आहे, त्यात कोणाच्या मेहेरबानीचा प्रश्न नाही. दुसरी नोंद. युनिट पार्ट टू ऑर्डर (सैनिकाच्या सेवेतल्या बदलांचा लेखी आदेश) काढतं, ती रेकॉर्ड ऑफिसात पोचते, तिथे शीट रोलमध्ये, म्हणजे सैनिकाच्या मूळ सेवापत्रकात, ओळ चढते आणि घरी जायच्या वेळी शीट रोल बघून डिस्चार्ज बुक भरतात. तिसरं प्रत्यक्ष पदक, कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव उमटवलेलं.

गाडी या तिन्हींपैकी कुठेही अडते. शीट रोलमध्ये ओळ आहे पण डिस्चार्ज बुकात उतरवायची राहिली, हे सगळ्यात सोपं प्रकरण. रेकॉर्ड ऑफिस स्वतःच्याच कागदावरून ते दुरुस्त करतं. शीट रोलमध्येच ओळ नसेल तर युनिटकडून खातरजमा होऊन नवी पार्ट टू ऑर्डर निघावी लागते, आणि खरा वेळ तिथे जातो. तिसऱ्या प्रकारात नोंद सगळीकडे असते पण पदक हातात आलेलं नसतं. तो पुरवठ्याचा प्रश्न आहे, त्यासाठी नोंददुरुस्तीचा अर्ज करून काही निघत नाही.

शीट रोलमधून ओळ गळण्याची कारणं ठराविक असतात. लढाईची पदकं लढाई संपल्यावर जाहीर होतात. तोवर माणूस रिझर्व्हमध्ये गेलेला असतो किंवा दुसऱ्या युनिटला पोस्ट झालेला असतो, आणि नव्या युनिटचा क्लार्क जुन्या युनिटची पदकं कशाला काढत बसेल? युनिटची यादी झाली त्या दिवसांत जवान हॉस्पिटलात किंवा कोर्सला असेल तर नाव राहतं. दुसऱ्या युनिटला अटॅच असलेल्यांचं तर हमखास राहतं: मूळ युनिट म्हणतं तो आमच्याबरोबर नव्हता, ज्यांच्याबरोबर होता ते म्हणतात तो आमचा नव्हता.

पैशांचा गैरसमजही इथेच दूर करू. लढाईची आणि सेवेची पदकं पेन्शनमध्ये एक रुपयाचीही भर घालत नाहीत, त्यामुळे स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवर तक्रार टाकून, बँकेत विचारून किंवा प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाला लिहून काही होत नाही. "पदकं चढवून पेन्शन वाढवून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर त्याच्या हाती डिस्चार्ज बुक देऊ नका. शौर्यपदकांची गोष्ट निराळी. परमवीर चक्रापासून शौर्यासाठीच्या सेना मेडलपर्यंत दरमहा भत्ता मिळतो आणि तो पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, दिसायला हवा. त्या दुरुस्तीला भारताच्या राजपत्रातल्या अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख लागते. सेना मेडल शौर्यासाठीही दिलं जातं आणि विशिष्ट सेवेसाठीही. भत्ता फक्त पहिल्याला आहे. सेनाप्रमुखांचं प्रशंसापत्र, म्हणजे कमेंडेशन कार्ड, हे पदक नाही, ते पदकांच्या यादीत मागू नका.

कोणतं पदक कोणाला

अर्जाआधी सेवेचा तक्ता करा. एका कागदावर भरतीपासून निवृत्तीपर्यंत प्रत्येक युनिट, ठिकाण आणि तारखा लिहा, आणि पुढच्या रकान्यात त्या काळात लागू होणारं पदक.

तारखेवरून मिळणारी पदकं सगळ्यात सोपी, आणि लोक नेमकी तीच विसरतात. १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत होता त्याला स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्धापनदिनाचं पदक, १५ ऑगस्ट १९९७ ला होता त्याला ५० व्याचं, १५ ऑगस्ट २०२२ ला होता त्याला ७५ व्याचं. कुठे तैनात होता याला महत्त्व नाही. तसंच लाँग सर्व्हिसचं: ९, २० आणि ३० वर्षांची तीन वेगवेगळी पदकं आहेत. २४ वर्षं सेवा झालेल्याच्या बुकात २० वर्षांचं आहे आणि ९ वर्षांचं नाही, अशी बुकं सापडतात. दोन्ही मागा.

१९६५ साठी दोन पदकं आहेत. रक्षा मेडल त्या काळात सैन्यात असलेल्या आणि १८० दिवसांची सेवा झालेल्या सर्वांसाठी. समर सेवा स्टार प्रत्यक्ष कारवाईच्या भागात असलेल्यांसाठी. ज्याला स्टार आहे त्याला बहुधा मेडलही लागू असतं, पण मेडल आहे म्हणून स्टार मागता येत नाही. १९७१ ला पूर्वेकडच्या आघाडीसाठी पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्या आघाडीसाठी पश्चिमी स्टार, आणि त्याशिवाय संग्राम मेडल, ज्याची व्याप्ती स्टारपेक्षा बरीच मोठी आहे. आघाडीच्या मागे डेपोत, वर्कशॉपमध्ये किंवा सप्लाय कंपनीत असलेल्यांनी आधी संग्राम मेडलकडे बघावं.

ऑपरेशन विजय या नावाने तर किती अर्ज चुकीच्या दिशेने जातात! १९६१ ची गोवा मुक्तीची कारवाईही ऑपरेशन विजय आणि १९९९ ची कारगिलचीही ऑपरेशन विजय. गोव्याला गेलेल्यांना १९४७ चं जनरल सर्व्हिस मेडल आणि त्यावर 'गोवा १९६१' ही पट्टी लागू होते. ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल ही कारगिलची पदकं आहेत. स्टार लढाईच्या भागातल्यांना, मेडल त्याहून व्यापक तैनातीसाठी. आजोबा १९६८ ला घरी आले आणि नातू ऑपरेशन विजय स्टार मागतो, असा अर्ज वाचणाऱ्याचा बाकीच्या मागण्यांवरचाही विश्वास उडतो. श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर गेलेल्यांनी स्पेशल सर्व्हिस मेडल आणि त्यावरची श्रीलंकेची पट्टी बघावी. २००१-०२ च्या सीमेवरच्या जमवाजमवीसाठी ऑपरेशन पराक्रम मेडल आहे. पराक्रम पदक हे मात्र जखमींसाठीचं पदक. नावातल्या साम्यामुळे दोन्हींची गल्लत होते.

पट्टी, म्हणजे क्लास्प, ही स्वतंत्र नोंद असते. सैन्य सेवा मेडल मिळालं, पण नंतर वेगळ्या भागात सेवा झाली तर दुसरं मेडल मिळत नाही, त्याच मेडलवर दुसरी पट्टी चढते. म्हणून "मेडल मिळालं आहे" एवढ्यावर थांबू नका, कोणत्या पट्टीसह मिळालं ते बघा.

दिवस मोजायची पदकं सर्वांत किचकट. उदाहरणार्थ उच्च तुंगता मेडलला ९,००० फुटांवरच्या भागात एकूण १८० दिवस लागतात. समजा, एखादा जवान ९ एप्रिल ते ३० नोव्हेंबर असा वर होता. कॅलेंडरवर हे २३६ दिवस दिसतात आणि माणूस निर्धास्त होतो. पण त्यातले ६० दिवस वार्षिक रजा आणि २८ दिवस खाली कोर्स असेल तर वर काढलेले दिवस १४८ उरतात. पुढच्या वर्षी तो पुन्हा १ मे ते १५ जून वर होता, ते ४६ दिवस मिळवले की १९४ होतात. एका तैनातीत आकडा भरला नाही म्हणून सोडून देऊ नका, सगळ्या तैनाती जोडा. आणि रजा, कोर्स, हॉस्पिटल हे दिवस लपवू नका, वेगळे दाखवा. शीट रोलमध्ये ते असतातच, आणि तिथे तफावत सापडली की पूर्ण तक्ता संशयात जातो.

अर्ज कुठे पाठवायचा

महू २३-२४ किलोमीटरवर, म्हणून बरेच जण फाइल घेऊन थेट तिकडे जातात. इन्फंट्री स्कूल, एमसीटीई आणि आर्मी वॉर कॉलेज या शिक्षणसंस्था आहेत. निवृत्त जवानांचे शीट रोल तिथे नसतात. सिग्नल्सचा माणूस महूच्या एमसीटीईत शिकला असला तरी त्याचे कागद जबलपूरच्या सिग्नल्स रेकॉर्डमध्ये असतात. नियम सोपा आहे: ज्या रेजिमेंटचा किंवा कोअरचा बिल्ला, त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज.

आपल्याकडच्या घरांत जास्त येणारी नावं अशी. मराठा लाइट इन्फंट्री बेळगावला, महार रेजिमेंट सागरला, बॉम्बे सॅपर्स खडकीला, तोफखाना नाशिक रोड कॅम्पला, ग्रेनेडियर्स आणि सिग्नल्स जबलपूरला, ईएमई (यंत्रांच्या दुरुस्तीची कोअर) सिकंदराबादला, एएमसी (वैद्यकीय कोअर) लखनऊला, गार्ड्स कामठीला. रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री अहमदनगरला, ज्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे; इंदूरकरांना ते लक्षात ठेवायला सांगावं लागू नये. वायुदलाच्या एअरमनचं रेकॉर्ड ऑफिस दिल्लीत सुब्रतो पार्कला, नौदलाच्या सेलर्सचं ब्यूरो मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पला. अधिकाऱ्यांचे कागद रेजिमेंटकडे नसतात, दिल्लीच्या मुख्यालयात असतात.

दोन ठिकाणी घोळ होतो. सेवानिवृत्तीनंतर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) दुसरी नोकरी केलेल्यांचे दोन नंबर, दोन डिस्चार्ज बुकं आणि दोन रेकॉर्ड ऑफिसं असतात. डीएससीचं केरळात कण्णूरला आहे. पहिल्या सेवेतलं पदक पहिल्या रेकॉर्डकडेच मागायचं. दुसरा घोळ जुन्या इंदुरी घरांतला. होळकर संस्थानाची पलटण भारतीय सैन्यात विलीन झाली आणि पुढे तिची १५ कुमाऊं बटालियन झाली. त्या पलटणीतून पुढे सेवा केलेल्या आजोबांचे कागद शोधायचे तर राणीखेतच्या कुमाऊं रेकॉर्डला लिहायचं, माणूस मराठी होता म्हणून बेळगावला नव्हे.

अर्ज थेट पाठवता येतो, पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलेला बरा. त्यांच्या पत्रासोबत गेलेल्या कागदांवर साक्षांकन असतं, आवक-जावक क्रमांक मिळतो आणि पुढचं स्मरणपत्रही कार्यालयाच्या नावाने जातं. त्यासाठी माजी सैनिक म्हणून तिथे नोंदणी हवी. नसेल तर आधी ती करून घ्या. मार्ग कुठलाही असो, एक प्रत स्वतः स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाइलला लावा.

अर्जात काय लिहायचं

भाषा हिंदी किंवा इंग्रजी. घरी मराठी चालते, पण जबलपूरच्या किंवा सिकंदराबादच्या क्लार्कला ती वाचता येईलच असं नाही. पत्ता 'ऑफिसर-इन-चार्ज, रेकॉर्ड्स' असा. दोन पानांच्या वर जाऊ नका. लढाईचं वर्णन, निबंध, देशभक्तीच्या ओळी काही नको. मजकूर साधारण असा ठेवा:

विषय: शीट रोल व डिस्चार्ज बुकात पदकाची नोंद करण्याबाबत.

१. माझा आर्मी नंबर, हुद्दा, नाव. भरतीची तारीख, सेवानिवृत्तीची तारीख, पीपीओ क्रमांक.

२. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी अमुक युनिटच्या अमुक कंपनीत, अमुक भागात तैनात होतो. युनिट त्या वेळी अमुक ब्रिगेडखाली होतं.

३. या सेवेमुळे मी अमुक पदकास, अमुक पट्टीसह, पात्र आहे. माझ्या डिस्चार्ज बुकात ही नोंद नाही.

४. कृपया शीट रोलमध्ये नोंद आहे का ते तपासावं. असल्यास डिस्चार्ज बुकात चढवावी. नसल्यास संबंधित युनिटकडून खातरजमा करून पार्ट टू ऑर्डरची कारवाई व्हावी. पदक पूर्वी रवाना झालं असल्यास कधी आणि कोणाकडे, ते कळवावं.

चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. तो असला की कुठल्याही उत्तरातून पुढची पायरी कळते. नाहीतर "पडताळणी सुरू आहे" एवढंच येतं आणि गाडी नेमकी कुठे अडली आहे ते समजत नाही. पदकं पाच असतील तरी अर्ज एकच, पण मुद्दा २ आणि ३ प्रत्येक पदकासाठी वेगळे. शौर्यपदकाचं प्रकरण त्यात घालू नका, त्याचा स्वतंत्र अर्ज.

सोबत डिस्चार्ज बुकाच्या सर्व पानांच्या प्रती, कोऱ्या पानांसकट. रेकॉर्डला पानांचा क्रम बघायचा असतो. पीपीओ, माजी सैनिक ओळखपत्र आणि आधार यांच्या प्रती. सेवेचा तक्ता. त्या काळचा पुरावा असेल तो: मूव्हमेंट ऑर्डर, हॉस्पिटलचे डिस्चार्ज कागद, युनिटचं प्रमाणपत्र, फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असलेलं घरी आलेलं पत्र. अशी पत्रं पेटीच्या तळाशी असतात आणि ती फारशी कोणाला आठवत नाहीत. शिक्क्यावरची तारीख आणि आत लिहिलेला युनिटचा पत्ता यांनी काम होऊन जातं. त्याच युनिटमधल्या, त्याच काळातल्या साथीदाराच्या डिस्चार्ज बुकात ते पदक असेल तर त्याच्या संमतीने प्रत जोडा. तो निर्णायक पुरावा नव्हे, पण युनिट त्या भागात होतं हे त्यातून दिसतं.

मूळ डिस्चार्ज बुक पहिल्या अर्जासोबत पाठवू नका. नोंद चढवण्यासाठी रेकॉर्ड ऑफिस ते मागवेल तेव्हा पाठवायचं, प्रत्येक पानाची रंगीत प्रत घरी ठेवून. शक्य असेल तर मुलाला किंवा भावाला अधिकारपत्र देऊन हाती पाठवा. जबलपूर आणि सागर काही लांब नाहीत.

नंबर आणि नावाचे घोळ

अर्ज परत येण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे नंबर. आर्मी नंबरच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. ते नुसती सजावट नाही, नंबर बरोबर लिहिला आहे की नाही याची खूण आहे. ते गाळलं किंवा चुकलं की शोध लागत नाही. नायब सुभेदार झालेल्यांना जेसीचा (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरचा) नवा नंबर मिळतो. त्याआधीचं पदक जुन्या नंबरावर निघालेलं असतं आणि जेसी नंबरावर शोधणारा "नोंद नाही" असं कळवतो. अर्जात दोन्ही नंबर लिहा, कोणता कधीपासून ते सांगून. बदलीने दुसऱ्या कोअरमध्ये गेलेल्यांनीही तसंच करावं.

नावांची कथा मराठी घरांत जास्तच रंगते. सैन्यात भरतीच्या दिवशी जे लिहिलं गेलं ते कायमचं. रामचंद्र विठ्ठल शिंदे हा भरतीच्या टेबलावर 'रामचंद्र राव' होतो आणि आडनाव गायब होतं. आधारवर तो 'रामचंद्र शिंदे', पासबुकात वडिलांच्या नावासकट. पवार, पंवार आणि पुआर ही देवास-धारच्या पट्ट्यातली तीन रूपं तीन कागदांवर सापडतात. पदकाच्या अर्जात नाव नेहमी शीट रोलमध्ये आहे तसंच लिहा, आजचं नाव नव्हे. खाली एक ओळ घाला की आधारवरचं अमुक नाव आणि हे नाव एकाच व्यक्तीचं आहे, आणि नोटरीचं शपथपत्र जोडा. नावदुरुस्तीची मागणी याच अर्जात घुसवू नका. ती वेगळी प्रक्रिया आहे, तिला वेगळे कागद लागतात, आणि दोन्ही एकत्र असले की पदकाचा मुद्दा नावाच्या मागे खोळंबतो.

उत्तर आलं नाही तर

दोन महिने थांबा, मग पहिल्या पत्राचा क्रमांक आणि तारीख देऊन स्मरणपत्र पाठवा. नवा अर्ज करू नका. नव्या अर्जाला नवा क्रमांक पडतो आणि तुम्ही रांगेच्या शेवटी जाता. त्यानंतरही शांतता असेल तर माहिती अधिकार. सेना केंद्राकडे येते, त्यामुळे मध्य प्रदेश सरकारच्या पोर्टलवर केलेला अर्ज उपयोगाचा नाही, केंद्राचं आरटीआय ऑनलाइन पोर्टल वापरा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, पुढे ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं.

पण माहिती अधिकारात "मला पदक का दिलं नाही" असं विचारायचं नाही. त्या कायद्याखाली कागद मिळतात, निर्णय मिळत नाहीत. शीट रोलची प्रत मागा, अमुक काळातल्या तुमच्या नावाच्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती मागा, पदक पाठवलं असेल तर रवानगीची नोंद मागा. शीट रोल हातात आला की निम्मं काम झालं. ओळ कुठे गळली ते तुम्हालाच दिसतं. मरण पावलेल्या सैनिकाच्या कागदांसाठी नात्याचा पुरावा जोडावा, नाहीतर परक्याची खासगी माहिती म्हणून नकार येतो.

पेन्शन न मिळता कमी सेवेवर बाहेर पडलेल्यांसाठी एक कटू गोष्ट: त्यांचे सेवेचे कागद २५ वर्षांनी नष्ट केले जातात. पासष्ट-एकाहत्तरच्या पिढीतल्या अनेकांना "कागद नष्ट केले आहेत" असं पत्र येतं ते त्यामुळे. तरीही सगळं संपत नाही. लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्यांची नोंदवही, कायम ठेवला जातो आणि त्यात भरती, निवृत्ती अशा मोजक्या नोंदी असतात. अशा वेळी लाँग रोलचा उतारा मागायचा आणि बाकीचं घरच्या डिस्चार्ज बुकावर उभं करायचं. ज्यांच्या घरी ते बुकही नाही त्यांचं प्रकरण अवघड आहे. तारखेवरून ठरणारी पदकं लाँग रोलवरून सिद्ध करता येतात, भागावरून ठरणारी बहुधा नाहीत.

रेकॉर्ड ऑफिसने स्पष्ट नकार दिला आणि तुमचा पुरावा भक्कम असेल तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. मध्य प्रदेशासाठी त्याचं पीठ जबलपूरला. नकाराच्या अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. निवेदनावर सहा महिने काहीच उत्तर आलं नाही तरी अर्ज करता येतो. म्हणून प्रत्येक पत्राची तारीख आणि पोस्टाची पावती जपायची. आमचं मत विचाराल तर साध्या सेवापदकासाठी वकील लावून तिथवर जाणं क्वचितच परवडतं. शौर्यपदकाचा भत्ता अडकला असेल तर अवश्य जा.

पत्नी आणि मुलांनी अर्ज करताना

सैनिक हयात नसेल तर पहिला हक्क पत्नीचा. तिचा फॅमिली पेन्शनचा पीपीओ, मृत्यू प्रमाणपत्र आणि शीट रोलमधल्या नातेवाइकांच्या नोंदीशी जुळणारं नाव लागतं. माहेरचं नाव आणि सासरचं नाव असा फरक शीट रोलमध्ये हमखास असतो, त्याचं शपथपत्र आधीच करून ठेवा. पत्नीही नसेल तर एका मुलाने किंवा मुलीने अर्ज करायचा आणि बाकीच्यांचं ना-हरकत शपथपत्र जोडायचं. ते नसेल तर नोंद दुरुस्त होते, पण पदक कोणाच्या हाती द्यायचं यावर अडतं.

पदक हाती येईपर्यंत

पदकं कोलकात्याच्या सरकारी टांकसाळीत बनतात आणि पुरवठा कायम मागे असतो. नोंद झाल्यावरही पदकाला वेळ लागतो, त्याबद्दल रेकॉर्ड ऑफिसशी भांडून फायदा नाही. मागणी नोंदवली आहे का आणि तिचा क्रमांक काय, एवढं लेखी मागा. तोवर रिबन लावायला हरकत नाही. छावणीच्या बाजारातल्या दुकानांत रिबन आणि नकली पदकं मिळतात, पण विकत घेण्याआधी नोंद झालेली असू द्या. नोंद नसलेलं पदक छातीवर लावून ध्वजदिनाच्या कार्यक्रमाला गेलं आणि कोणी विचारलं तर दाखवायला कागद नसतो.

सरकारकडून आलेलं पदक पहिल्यांदा विनामूल्य असतं. ते हरवलं आणि दुसरं हवं असेल तर पैसे भरावे लागतात, आणि हरवल्याचा पोलिसांकडचा कागद किंवा शपथपत्र लागतं. म्हणून "मिळालंच नाही" आणि "मिळालं होतं, हरवलं" यांत खरं ते लिहा; रवानगीची नोंद आणि तुमची सही रेकॉर्डकडे असू शकते.

पार्सल उघडलं की आधी पदकाची कड भिंगातून वाचा. नंबर, अक्षर, हुद्दा, नाव. हुद्दा पदक मिळवलं त्या वेळचा असतो, निवृत्तीचा नव्हे, त्यामुळे सुभेदाराच्या पदकावर 'सिपाही' दिसलं तर ती चूक नाही. नंबर किंवा नाव चुकलं असेल तर पदक न वापरता, कडेचा फोटो जोडून त्याच रेकॉर्ड ऑफिसला लिहा. डिस्चार्ज बुक परत आल्यावर नव्या ओळीजवळ सही, शिक्का आणि पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक तिन्ही आहेत का बघा, आणि त्या पानाची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या तुमच्या फाइलला लावून या.